तांबूच्या कानाचं रक्त

परभणी
२ ऑगस्ट १९८८

ती. तुळजाकाकूंना अरुंधतीचा नमस्कार.

काल दुपारी परभणीला सुखरूप पोचले. धावड्याहून भोकरदनपर्यंत एसटीत उभीच होते. वाटेत जालन्याला घरी थांबले. बाबांनी पहिली चौकशी केली कारभारीकाकांची, दुसरी तुमच्या हातच्या ठेच्याची. माश्यांचं काहीच विचारलं नाही. मुलगी जनावरांची डॉक्टर झाली इथपर्यंत त्यांनी मन घट्ट केलं होतं. आता ती पुढे शिकायचं म्हणून गुरांना चावणाऱ्या माश्या पकडत गावोगाव हिंडते, हे ते बँकेतल्या मंडळींना अजून सांगत नाहीत.

तुमच्याकडे राहून गोठ्यात जे पाहिलं ते अजून डोळ्यांपुढून हलत नाही. पावसाची उघडीप झाली होती, ऊन पडलं होतं आणि तांबूच्या वशिंडावर ती मोठी गोमाशी येऊन बसली. तुम्ही म्हणालात, "हल्लू ये, उडंल." मी भिंग धरलं. काकू, तिचे डोळे हिरवे होते, मोरपिसासारखे, आणि त्यांवर जांभळे आडवे पट्टे. डोक्यावर डोळ्यांशिवाय दुसरं काही नव्हतंच म्हणा ना. मी पाहत असतानाच तिनं तोंडातल्या पात्यांनी तांबूची कातडी चिरली आणि वर आलेलं रक्त चाटायला लागली. तांबूनं अंग थरथरवलं, शेपटी मारली, पण माशी बसून राहिली. ती मी पकडून बाटलीत घातली. संध्याकाळी पाहिलं तर डोळे साधे तपकिरी. इथं परभणीला माझे सर म्हणाले, तो रंग जिवंत असेपर्यंतच असतो. म्हणजे मी जे पाहिलं ते बाटलीत भरून आणताच येत नाही.

काचपट्ट्यांची पेटी तुमच्या फडताळात राहिली. राहू द्या, पुन्हा येईनच. जमलं तर माश्या काड्यापेटीत घालून पाठवाल का? वेगळी दिसेल ती प्रत्येक.

तांबू गाभण आहे, तिला जपा हे तुम्हाला मी काय सांगणार.

तुमची
अरुंधती


धावडा
१३ ऑगस्ट १९८८

चि. अरुंधतीस तुळजाकाकूचे आशीर्वाद.

तुझं पत्र तातेराव पोस्टमननं बांधावरच दिलं. मी तिथंच बसून वाचलं. तीर्थपुरीच्या शाळेत सातवीपर्यंत शिकले ते असं कामाला आलं. हितं आल्यापासून मला कुनी पत्र धाडलं न्हवतं. माहेरचे निरोपच धाडतात.

तुझ्या माश्या पकडून राह्यले. बाया हसतात. नंदाबाई म्हनली, "तुळजे, लोक गुळाची भेली धाडतात, तू माश्या धाड." हसू दे. पर एक सांगते, तू गेल्यापासून मला त्या दिसायला लागल्या. आधी नुसती माशी व्हती. आता कोनती पाठीवर बसती, कोनती पायाला चावती, कोनती पोटाखाली ऱ्हाती, हे समदं दिसतंय.

ती पोटाखालची चपटी माशी हाये बघ, खेकड्यावानी आडवी पळनारी. चिमटीत दाबली तरी मरत न्हाई. तसली एक मी काड्यापेटीत कोंडली आन् दुसऱ्या दिवशी उघडून बघते तर तिनं अंडं घातलेलं. पांढरं, ज्वारीच्या दान्यायेवढं. येवढ्याशा माशीच्या पोटात ते मावलं कसं, मला उमगंना. हातावर घेतलं. पेटीत ठिवलं आन् सैपाक करून येऊन परत हातावर घेते तर काळं ठिक्कर, खड्यावानी टनक. मी भिऊन खाली ठिवलं. हे काय हाये? यासोबत धाडते.

तांबू बरी हाये. पाऊस बराबर हाये.

तुळजाकाकू


परभणी
२२ ऑगस्ट १९८८

ती. तुळजाकाकूंना नमस्कार.

काड्यापेटी मिळाली. घाईघाईनं लिहिते आहे, कारण हे सांगितल्याशिवाय मला बसवत नाही. काकू, ते अंडं नाही. ते तिचं लेकरू आहे.

ही माशी अंडी घालतच नाही. एका वेळी एकच पोर पोटात वाढवते आणि पोटातच त्याला दूध पाजते. मी कौतुकानं दूध म्हणत नाही, पुस्तकातही तोच शब्द आहे. तिच्या पोटात दुधाची गाठ असते, पोराचं तोंड तिथं लागलेलं असतं. पुरतं वाढलं की ती त्याला भिंतीच्या फटीत नाहीतर मातीत ठेवते. त्यानंतर ते काही खात नाही. कातडी काळी पडते, टणक होते आणि आत माशी घडत राहते. तुमच्या काड्यापेटीत जे काळं झालं, तो त्याचा पाळणा तयार होत होता.

मी हे परीक्षेसाठी पाठ केलं होतं. पण तुम्ही पाठवलेला तो दाणा हातावर घेतला तेव्हा पहिल्यांदा खरं वाटलं. गाईचं रक्त प्यायचं आणि त्याचं दूध करायचं. दाणा मुठीत धरून मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. प्रयोगशाळेतले केशव नाईक म्हणाले, "मॅडम, घरून काही वाईट बातमी आली का?"

तुमची
अरुंधती


धावडा
१४ सप्टेंबर १९८८

चि. अरुंधतीस आशीर्वाद.

तुझं पत्र मी यांना वाचून दाखवलं. यांचा घास हातातच राह्यला. म्हनले, "माशीला दूध?" मंग म्हनले, "गाईचं दूध आपुन काढून घेतो, ती रक्त काढून घेती. तिला तरी काय म्हनावं." हे बोलनारा मानूस न्हाई, तुला ठाव हाये. त्या दिवशी येवढं बोलले.

पोळा झाला. बैलं रंगवली. आमच्याकडं सारं ठीक हाये.

एक इचारायचं व्हतं. आमच्या शेजारनीची गाय हाये. पोळ्याच्या आधीपासून खात न्हवती. ताप यायचा, उतरायचा, परत यायचा. डोळ्यातून पानी. पाठीची हाडं वर आली. आता चार-पाच दिस झाले, खुंट्याभवती गोल गोल फिरती. थांबवली तर भिताडाला कपाळ लावून ढकलती. काल गव्हानीवर चढायला लागली, दावं तोडलं. तोंडातून लाळ गळती. शेजारीन तिला हातानं चारती, तोंडात हात घालून, तवा दोन घास जातात.

यंदा गोमाशी लई हाये, घाटातून थव्यानं येती. माशी चावून जनावराचं डोकं फिरतं का? जल्दी लिही. शेजारीन रोज इचारती.

तुळजाकाकू


परभणी
२० सप्टेंबर १९८८

ती. तुळजाकाकूंना नमस्कार.

आज माश्यांचं काही लिहीत नाही. तुमच्या शेजारणीची गाय पिसाळली असावी असं मला वाटतं. कुत्रं किंवा कोल्हं चावलं असेल, कुणाच्या लक्षात आलं नसेल. भिंतीला डोकं लावणं, दावं तोडणं, लाळ, सगळी लक्षणं तशीच आहेत. याला औषध नाही. गाय आठवडाभरात जाईल.

शेजारणीला आजच्या आज सांगा की तिनं गाईजवळ जाऊ नये. तोंडात हात घातलाय, हाताला चीर किंवा खरचटलेलं असेल तर उशीर करू नये. भोकरदनच्या दवाखान्यात जाऊन पोटातल्या सुया सुरू कराव्यात. ती टाळाटाळ करील, तुम्ही तिला हाताला धरून न्या. एकदा हा रोग माणसात उभा राहिला की कुणाच्या हातात काही राहत नाही.

तुम्हीही त्या गोठ्यात पाऊल टाकू नका. माझी शपथ आहे.

अरुंधती


तार
परभणी, २३ सप्टेंबर १९८८

तुळजाबाई कारभारी, मु. पो. धावडा.
गाय मारू देऊ नका. माशीचा रोग असू शकतो. कानाचं रक्त काचपट्टीवर घेऊन माणसाबरोबर पाठवा. सुया थांबवू नका. अरुंधती.


परभणी
२३ सप्टेंबर १९८८

ती. तुळजाकाकूंना नमस्कार.

तार मिळाली असेल. त्यामागचं कारण लिहिते.

आज सकाळी आमच्या दवाखान्यात एक म्हैस आली. मालक सांगत होता, "गोल फिरते, भिंतीला टक्कर देते, मधेमधे ताप." मला तुमचं पत्र ऐकू आल्यासारखं झालं. सरांनी तिच्या कानाला टोचून थेंब काचेवर घेतला, वर पातळ काच ठेवली आणि मला म्हणाले, "बघ."

मायक्रोस्कोपमध्ये रक्ताच्या लाल पेशी दिसतात, नाण्यांसारख्या गोल, शांत पडलेल्या. मी पाहत होते आणि त्यातल्या एका ठिकाणच्या पेशी हलायला लागल्या. कुणी आतून धक्के द्यावे तशा. मग ते दिसलं. बारीक, लांबट, मासोळीसारखं, अंगाच्या कडेला झालर, आणि ती झालर लहरत होती. एक गेलं, दुसरं आलं, तिसरं. एका थेंबात इतके जीव पोहत होते आणि बाहेर ती म्हैस भिंतीला डोकं लावून उभी होती. मला एकाच वेळी भीती वाटली आणि नजर काढवेना.

या रोगाला सर्रा म्हणतात. तो गोमाशीच्या तोंडून जातो. ती एका गाईला चिरते, गाय शेपटी मारते, माशी अर्ध्या पोटानं उडते आणि ओल्या तोंडानं शेजारच्या गाईवर बसते. तेवढ्यात रोगाचा रस्ता तयार होतो. गाईनं स्वतःला वाचवायला मारलेली शेपटीच माशीला दुसरीकडं धाडते.

गाईला इतका जोराचा सर्रा नेहमी होत नाही, म्हणून तो मला सुचला नाही. आताही मी खात्रीनं सांगू शकत नाही. पण याला औषध आहे. रक्त पाहायलाच हवं. मी तिथं असताना गुरांच्या कानाचं घेतलं होतं तसंच घ्या: सुईनं टोचून थेंब, दुसऱ्या काचेच्या कडेनं पातळ ओढायचा, सावलीत वाळवायचा. शेजारणीला घेऊ देऊ नका. ज्याच्या हाताला जखम नाही अशानं घ्यावं.

अरुंधती


धावडा
२७ सप्टेंबर १९८८

चि. अरुंधतीस आशीर्वाद.

हे पत्र आन् काचा माझा भाऊ पुंजाराम घेऊन येतोय.

शेजारीन कुनी न्हाई. गाय तांबू हाये आन् तिच्या तोंडात हात घालनारी मी हाये.

हे म्हनले व्हते, गावात कळालं तर गाय ठिवू देनार न्हाईत, कुनाला लिहू नको. म्हून तसं लिहिलं. तुझं ते पिसाळल्याचं पत्र आलं तवा मी चुलीपुढं व्हते. वाचलं. हाताकडं बघितलं तर इळ्यानं कापलेलं व्हतंच. मी यांना काही न बोलता पत्र दिलं. हे अक्षर लावत लावत वाचतात. वाचून झालं तसा कागद घडी करून खिशात घातला. मंग उठले, टोपी घातली आन् म्हनले, "चल, भोकरदनला." येताना एसटीत माझा हात धरून बसले व्हते. लगीन झाल्यापासून चारचौघात कधी धरला न्हाई.

घरी आलो तर दारात मानसं. कुठून कळालं कोन जाने. यांचे थोरले भाऊ सर्जेराव पुढं व्हते. म्हनले, "कारभारी, गाय पिसाळली. आज दावं तोडलं, उद्या लेकराला मारंल. घाटाखाली नेऊन सोडू." मी पदर घेतला आन् गोठ्याच्या दारात उभी राह्यले.

"भावजी, गाभन हाये ती," मी म्हनले.

"तुला मरायचं हाये का तिच्यासंगं?"

"सुया सुरू केल्या."

त्यांचं बी खोटं न्हवतं, बाई. गावात लेकरं हायेत. सर्जेरावांनी कासरा हातात घेतला. त्यांनाच रडू येत व्हतं. तांबूला त्यांनीच बाजारातून आनलं व्हतं.

येवढ्यात तातेराव सायकल टाकून आले, "तार हाये, तार." तार म्हनल्यावर सारी गप. आमच्याकडं तार मानूस गेल्यावरच येती. तातेरावांनी मोठ्यानं वाचली. गाय मारू देऊ नका. गाईसाठी तार आली हे कुनी ऐकलेलं न्हवतं.

सर्जेराव म्हनले, "ही अरुंधती आपली कोन लागती?"

हे पहिल्यांदा बोलले. "आपलीच हाये," म्हनले.

मंग भावजींनी कासरा खाली ठिवला. रक्त सर्जेरावांनीच घेतलं, हाताला फडकं गुंडाळून. हे शिंगं धरून व्हते. मी लांबून सांगत व्हते, ओढ पातळ, अजून पातळ. पहिल्या दोन काचा बिघडल्या. तिसरी बराबर आली असं वाटतंय.

तांबू आता बसून राह्यली. उठत न्हाई. जल्दी कर.

तुळजाकाकू


परभणी
२८ सप्टेंबर १९८८

ती. तुळजाकाकू,

पुंजाराममामा बाहेर बाकावर बसलेत, त्यांच्याच हाती हे देते. भोकरदनची परतीची गाडी त्यांना गाठायची आहे, म्हणून थोडक्यात.

मामा आले तेव्हा प्रयोगशाळा बंद झाली होती; आज सकाळी तिसरी काच रंगवली. पहिल्या नजरेत काही नव्हतं. काच सरकवत गेले. मग एक दिसलं, जांभळं, वळसा घातलेलं, मधे काळसर ठिपका. जवळच दुसरं. मी सरांना हाक मारली. काकू, तांबू पिसाळलेली नाही. सर्राच आहे.

मी खुर्चीवर बसून रडले. तुमच्यासाठी. तो हात तुमचा आहे हे मला काल कळलं आणि काल रात्र कशी काढली ते सांगता येत नाही. तरीही सुरू केलेल्या सुया डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका.

औषध सोबत दिलं आहे. भोकरदनच्या जनावरांच्या डॉक्टरांना सरांनी चिठ्ठी लिहिली आहे, ते येऊन कातडीखाली टोचतील. आता खरं तेच लिहिते. ती उठली तर दोन-तीन दिवसांत उठेल. उशीर झालाय. कदाचित वासरू टाकेल. डोळे जाऊ शकतात. मी कशाचीच हमी देऊ शकत नाही.

तिच्याजवळ आता बसा. बसायला हरकत नाही.

अरुंधती


धावडा
४ डिसेंबर १९८८

चि. अरुंधतीस तुळजाकाकूचे आशीर्वाद.

तू ऑक्टोबरात येऊन तांबूला बघून गेलीस, त्यानंतर लिहायला सवड झाली न्हाई. तू गावातल्या समद्या गुरांचं रक्त घेऊन गेलीस आन् ज्यांच्यात निघालं त्यांची नावं धाडलीस, त्या समद्यांना सुया झाल्या. सर्जेराव सोता घरोघर फिरले. आता गुरं बांधली की कडुलिंबाच्या पाल्याचा धूर अख्ख्या गावात ऱ्हातो. शेनाचा ढीग बी लांब नेला.

तांबूचा डावा डोळा गेला तो गेलाच, दुधावानी पांढरा झाला. उजव्यानं बघती. सुईनंतर तिसऱ्या दिशी उठली, तवापासून अंगावर मांस आलं.

काल सकाळी व्याली.

मी आन् हे दोघंच व्हतो. लई वेळ लागला. पाय आधी दिसले, मंग नाक. तिला जोर ऱ्हात न्हवता, ह्यांनी हळूहळू ओढलं. खाली पडलं तर हलंना. ह्यांनी नाकातलं काढलं, पाठ चोळली. हलंना. तांबू मान वळवून बघत व्हती, पर वासरू डाव्या अंगाला, तिला दिसंना. मंग तिनं जीभ लांब केली आन् चाचपत चाचपत त्याच्या तोंडाला लावली. चाटायला लागली. आमी दोघं नुसतं बघत बसलो. आन् त्यानं शिंकल्यावानी केलं बघ. नाकातून पानी उडालं. श्वास घेतला.

कालवड हाये. तांबडीच.

आन् आता तुला जे सांगायसाठी लिहायला बसले ते ऐक. ती ओली व्हती अजून. उठली सुदिक न्हवती. येवढ्यात एक माशी आली आन् तिच्या कपाळावर बसली. थंडीचे दिस, गोठा झाडलेला, धूर केलेला, एक माशी न्हवती. ही कुठून आली? मी हात उचलला आन् हात तसाच राह्यला. माज्या मनात आलं, ह्या कालवडीला जगात येऊन घटका झाली न्हाई. अजून तिला आईनं धड बघितलं न्हाई. मंग ह्या माशीला कुनी सांगितलं?

मंग मी हाकलली. पर इचारते तुला. कसं कळतं त्यांना?

तुळजाकाकू


परभणी
१२ डिसेंबर १९८८

ती. तुळजाकाकूंना नमस्कार.

तुमचं पत्र मी प्रयोगशाळेत सगळ्यांना वाचून दाखवलं. वासरू शिंकलं तिथं सर चष्मा पुसायला लागले.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला येतं असं वाटलं होतं. लिहायला बसले आणि ते उत्तर नुसतं पुस्तकातलं राहिलं नाही.

रक्त पिणाऱ्या माश्या जनावर शोधतात ते रंगानं, आकारानं, उबेनं. पण डोळ्यांना काही दिसायच्या आधी त्यांना जाणवतो तो श्वास. आपण जो सोडतो तो. तो वाऱ्याबरोबर वाहत जातो, आपल्याला दिसत नाही, आणि माशी त्याचा माग धरून वाऱ्याच्या उलट दिशेनं उडत येते. लोक यावर अजून काम करताहेत, सगळं कळलेलं नाही.

म्हणजे असं झालं असेल, काकू. तांबूनं चाटलं, कालवड शिंकली, तिनं पहिला श्वास आत घेतला आणि बाहेर सोडला. तो गोठ्याच्या दारातून बाहेर गेला. तुम्ही दोघं तिच्याकडे पाहत होता, गावात अजून कुणालाच माहीत नव्हतं. आणि कुठंतरी कुडाच्या फटीत थंडीनं आखडून बसलेल्या एका माशीला कळलं की धावड्यात एक जीव वाढला.

तुमची
अरुंधती